शेपटीवाल्यांची गावपळण

खारवळे गावात कोणालाही विचारा, सगळ्यात हुशार माणूस कोण? पहिलं नाव भक्तीचं येईल. दुसरं भाईचं यायला हवं, पण लोक जळतात.

भक्ती म्हणजे हौसाबाईची धाकटी लेक आणि भाईची पाठची बहीण. भाई होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. बंद पडलेलं इंजिन भाईला नुसतं बघूनच खाकरायला लागतं, असं तो स्वतः सांगतो आणि ते खरं आहे. शाळा नववीपर्यंत. पण नववीत तो तीन वर्षं बसला, म्हणजे हिशेबाने अकरावी झालीच. त्याच्या पुढचं सगळं शिक्षण त्याने बहिणीला करू दिलं. भक्ती मालवणात कॉलेजला गेली, मग गोव्यात जाऊन समुद्राचं शिकली, तिथल्याच एका प्रयोगशाळेत नोकरीला राहिली, आणि एके दिवशी कपड्यांच्या बॅगेऐवजी मासे न्यायची बर्फाची पेटी घेऊन एसटीतून घरी उतरली. पेटीत काचेच्या नळ्या. नळ्यांत पाणी. कुठलं हिरवं, कुठलं तपकिरी, कुठलं पिवळं.

हौसाबाईने एक नळी उजेडाकडे धरली. "गो बाय, एवढा शिकान ह्या हाडलंस? गढूळ पाणी?"

"आये, विरजण आसा ता," भक्ती म्हणाली. "समुद्राचा विरजण."

आईला समजावं म्हणून ती तसं म्हणाली, पण याहून चांगलं कोणालाही सांगता येणार नाही. समुद्रात शेवाळ असतं, इतकं बारीक की डोळ्यांना दिसत नाही. एका थेंबात हजारोंनी. कोळंबीची पिल्लं वाढवणाऱ्यांना ते खाऊ म्हणून लागतं, औषधवाल्यांना लागतं, तोंडाला लावायच्या क्रीमवाल्यांना लागतं, कॉलेजातल्या मास्तरांना लागतं. पण प्रत्येकाला हवं निवडक. एक जात, भेसळ नाही. मग कोणीतरी एकेक जात वेगवेगळ्या नळीत जिवंत ठेवायला हवी ना? ते काम भक्ती करते. समुद्राचं पाणी गाळायचं, उकळायचं, त्यात खत घालायचं, आणि काही आठवडे झाले की जुन्या नळीतला थेंब नव्या नळीत टाकायचा. तोंडाला मास्क, बाजूला पेटलेली बत्ती. श्वाससुद्धा आत पडता कामा नये. एकदा आळस केला की वाण बुडाला. विरजण संपलं तर शेजारी मिळतं, हे शेजारी मिळत नाही.

जागा भाईने दिली. इंजिनांची निम्मी शेड. तिला भिंत घातली, एसी बसवला, फळ्यांवर पांढऱ्या ट्यूबलाइटी लावल्या. खारवळ्यातला पहिला एसी शेवाळाला लागला. सरपंचाला नंतर लागला, तोही भाईनेच फिटिंग केलेला.

त्या सगळ्या नळ्यांत भक्तीचा जीव एका जातीत होता. ती तिने कुठून मागवलेली नव्हती. आमच्याच खाडीत, तिवरांच्या मुळांपाशी तिला सापडलेली. रंग तांब्यापितळेच्या मधला, म्हणून ती तिला सोनसळी म्हणायची. तिच्या माहितीप्रमाणे जगात दुसऱ्या कोणाकडे नाही. एका कालवंवाल्याने आपल्या पिल्लांना खायला घालून बघितली, तर पिल्लं दुप्पट जोमाने वाढली. आता त्याला कायमची हवी होती. पण सोनसळी नाजूक. ऊन लागलं की मान टाकायची. सांभाळायला म्हणून गोव्याला पाठवलेल्या नळ्या कुरियरच्या गोदामात उकडून मेल्या. उरली ती आमच्या शेडमध्ये. ती गेली की गेली.

हे झालं भक्तीचं. आता भाईचं.

भाईला बहिणीचं कौतुक पोटात ठेवता येत नाही. का ठेवावं? गावात पाहुणा आला की भाई त्याला हाताला धरून थंड खोलीत न्यायचा, चपलांसकट. शेवटी भक्तीने हात जोडले आणि एक नळी त्याला घरातल्या शोकेससाठी देऊन टाकली. "ही दाखय सगळ्यांका. पण माज्या खोलयेत पाय घालू नको."

ती नळी होती शिरोड्याच्या मिठागरातल्या शेवाळाची. डुनालिएला. हे नाव भाई एका दमात म्हणतो, आणि समोरच्याला म्हणता येत नाही तोवर त्याला चहा मिळत नाही. शोकेसमध्ये रस्सीखेचीचा कप आणि गणपती यांच्यामध्ये ती उभी राहिली. शिवाय भक्तीच्या सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून काढलेला व्हिडिओ भाईने मोबाईलमध्ये घेतला. त्यात डुनालिएला पोहते. खरीच पोहते, दोन शेपट्या हलवत. हा व्हिडिओ भाईने वाढदिवसाला, साखरपुड्याला आणि एकदा बाराव्यालाही दाखवलेला आहे.

याहून मोठं काम त्याने जत्रेत केलं. आमच्याकडे रवळनाथाच्या देवळात घाडी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे गावाच्या वतीने देवाकडे मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्याला सगळा गाव "व्हय म्हाराजा!" म्हणतो. भाईने नारळ ठेवला आणि शिवा घाड्याच्या कानात मजकूर सांगितला.

"कोट्यानुकोटी?" शिवाने विचारलं.

"तू बोल. देव मोजूक बसता काय?"

शिवाने आवाज लावला. "बा देवा रवळनाथा! आज तुज्या लेकरान, भाईन, तुज्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या भैणीच्या नळयांनी तुजी जी कोट्यानुकोटी लेकरां पवतत, ती ह्याच गावची समजान तेंची राखण कर."

"व्हय म्हाराजा!"

गाव काय, कशालाही व्हय म्हाराजा म्हणतो. लक्ष जेवणाकडे असतं. त्या दिवशी मात्र सगळ्या गावाने देवासमोर शेवाळाला गावकरी करून घेतलं आणि कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

ध्यानात आलं गावपळणीला.

गावपळण म्हणजे नावाप्रमाणेच, गाव पळतो. काही वर्षांनी देवाचा तसा कौल होतो. मग माणसं, गुरं, शेळ्या, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी तीन रात्री गावाच्या शिवेबाहेर जाऊन राहतात. दारांना कड्या, चुली थंड. पाळलेलं जिवंत असं काही गावात ठेवायचं नाही आणि परतीचा कौल मिळाल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकायचं नाही. गाव तेवढे दिवस देवाचा. लोकांची मजाच असते. खाडीपलीकडे झावळ्यांच्या राहुट्या उभारायच्या, मासे भाजायचे, भजन, फुगड्या.

कौल झाला आणि देवळात सभा बसली. हरिश्चंद्र गावकर म्हणजे गावचा पहिला मानकरी, धोतर नेसणारा गावातला शेवटचा माणूस. त्याने गुरांचं सांगितलं, कोंबड्यांचं सांगितलं, आणि भक्तीकडे बघितलं.

"बाय, तुज्या नळयांचा काय?"

भक्ती तयारीने आली होती. "काका, ती वनस्पती. माड रवतत, काजी रवतत, तशी ती रवतली. मी एसी चालू ठेवन खोलयेक कुलूप लावतंय."

"झाडां म्हणजे रवांदेत," गावकर म्हणाला. विषय संपला. भक्तीने श्वास सोडला.

आणि सुगंधाकाकी बोलली. सुगंधाकाकीचं घर आमच्या घराला लागून, आणि तिचं तोंड आमच्या घराच्या आत. "गो, शेवाळ तो! आमच्या बावडेच्या पायरेर आसा तोच. तेच्यासाठी एवढी सभा कित्याक?"

भाई उभा राहिला. कोणीही उभं राहिलं असतं.

"काकी, तुमच्या बावडेवरचो शेवाळ कधी पवताना बघलास?"

"भाई, बस खाली," भक्ती म्हणाली.

"बसतंय कित्याक? माज्या भैणीच्या इद्येक पायरेवरचो शेवाळ म्हणतत!" मोबाईल बाहेर आला. "ह्या बघा. शेपटी दिसता? दुसरी दिसता? झाडाक शेपटी असता? तुमच्या माडाक आसा?"

मोबाईल हातोहात फिरला. शिवा घाडी म्हणाला, "मेल्या, ह्या तर बेडकाच्या पिल्लासारख्या सुळसुळता!" मोबाईल गावकराकडे पोचला. त्याने चष्मा पुसला, लावला, आणि व्हिडिओ संपल्यावर परत पहिल्यापासून बघितला.

"पवता म्हणजे जीव आसा," तो म्हणाला. "जीव आसा आणि पाळलेलो आसा."

"आणि काका," शिवा म्हणाला, "देवाच्या कानार घातलेलो आसा. जत्रेच्या गाऱ्हाण्यात. गावची लेकरां म्हणान. तुमी सगळे व्हय म्हाराजा म्हणालास."

देवासमोर म्हटलेलं परत कसं घेणार?

गावकर काही वाईट माणूस नाही. त्याने मधला मार्ग काढला. "शेपटीवाले तेवढे भायर. बिनशेपटीचे रवांदेत."

भक्तीने भाईकडे बघितलं. त्या बघण्याचं वर्णन नको. सोनसळीला शेपट्या दोन.

"सगळीच नेतंय," ती म्हणाली. "हंय लाईट गेली तर बटण वर करूक आत कोण येतलो? मरतली तर माज्या डोळ्यांसमोर मरतली."

आता कोणी म्हणेल, हे भाईमुळे झालं. भाईचं म्हणणं असं की ज्या गावात इतकी वर्षं फक्त कोंबड्या आणि शेळ्या पळाल्या, तिथे पहिल्यांदा विज्ञान पळालं, ते भाईमुळे.

आणि पळालं ते थाटात. मासळीच्या पेट्यांत ओल्या फडक्यांवर नळ्या निजवल्या. भाईने पहिली होडी त्यांना दिली आणि होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभा राहून ओरडत निघाला, "शेपटीवाले इले! वाट सोडा!" होडीत जागा उरली म्हणून सुगंधाकाकीची शेळी चढवली. खाडीच्या मध्यावर तिने एका नळीच्या तोंडाचा कापूस खाल्ला. भक्तीने ती नळी खाडीत ओतली, आणि उतरेपर्यंत शेळीचं तोंड दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

पलीकडे नळ्यांसाठी वेगळी राहुटी. झावळ्यांचं छप्पर दुहेरी, बाजूंनी भिजवलेले गोणपाट, खाली ओली वाळू. उजेड हवा, ऊन नको. बर्फ थेट लावला तर गारठून मरतात, नाही लावला तर उकडून. उजेड गाळायला पांढरं पातळ कापड हवं होतं. ते सगळ्या गावात एकाच माणसाकडे होतं. गावकराने धोतर सोडून दिलं आणि मुक्कामभर भाईच्या बर्म्युडा चड्डीत फिरला. लोक पाया पडायला वाकले की पाय कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

नळ्या दिवसातून दोनदा हलवायच्या असतात, नाहीतर शेवाळ तळाला बसतं. एवढ्या नळ्या एकट्या भक्तीने किती हलवायच्या? भाईने भजनी मंडळाला बसवलं. प्रत्येकाच्या हातात एक नळी, आणि शिवाने मृदंगावर हळू ठेका धरला. मंडळी डोळे मिटून डुलायला लागली. पहिला अभंग छान गेला. दुसऱ्याला शिवाला रंग चढला, ठेका वाढला, आणि नळ्यांना फेस यायला लागला.

"हळू!" भक्ती ओरडली. "चक्कर येतली तेंका!"

तेव्हापासून रोज फक्त संथ चालीतले अभंग झाले. गाव कंटाळला, पण नळ्या खूश होत्या. सकाळी लोक दात घासत राहुटीपाशी यायचे. "शेपटीवाले बरे आसत मां?" सुगंधाकाकीसुद्धा आली. आपल्या शेळीच्या वतीने तिने एक शहाळं ठेवलं.

परतीच्या दिवशी सकाळपासूनच भक्ती सोनसळीच्या नळ्या उजेडाला धरून बघत होती. तांब्यापितळेचा रंग वर फिकट आणि तळाला गाळ. कितीही हलवलं तरी खाली बसायचं.

"काय झाला गो?" हौसाबाईने विचारलं.

"आये, आज दुपारच्या आत थंड खोलयेत गेली तर वाचतली. नायतर नाय."

"आता कौल होतोच," भाई म्हणाला. "दहा मिंटात घरात."

शिवेवर देवाचं पाषाण आहे, खाडीच्या पलीकडे, राहुट्यांपाशीच. परतीचा कौल तिथेच लावतात. पाषाणाला ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि देवाला विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. शिवाने गाऱ्हाणं घातलं. गाव गाठोडी बांधून उभा. कोंबड्या टोपलीखाली.

डावी पडली.

पुन्हा लावली. पुन्हा डावी.

कुजबुज सुरू झाली. याचा अर्थ एकच. गावात कोणाचं तरी काहीतरी जिवंत राहिलं आहे. गावकराने बर्म्युडाची नाडी घट्ट केली आणि एकेका घराला विचारलं. गुरं भरली. कुत्री भरली. एकाची मांजर सापडेना, ती दुसऱ्याच्या माशाच्या टोपलीत सापडली. सगळं पुरं होतं. मग राहिलं काय?

हौसाबाई हळूच म्हणाली, "भाई. शोकेशीतली नळी?"

हे ऐकून भाईने जीभ चावली. घरातलं सगळं बाहेर काढलं होतं, चार्जरपर्यंत. डुनालिएला कप आणि गणपतीच्या मध्ये तशीच उभी होती.

भक्ती लगेच पुढे झाली. "काका, ती धरू नका. ती मेलली आसतली. वर्ष झाला, तिचा पाणी बदलूक नाय. बाजूक टीव्हीची झळ. मेलली."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. शिवा पाषाणाकडे वळला, देवाला सांगायला की बाबा, मागे जितं काही राहिलेलं नाही.

"मेलली?" भाई म्हणाला.

"भाई," भक्ती म्हणाली.

"मेलली कशी? रोज सकाळी मी तिका बघतंय. लाल आसा. मेलला कोण लाल असता? येतल्या-जातल्याक मी जिती म्हणान दाखयतंय ती काय मढा? जिती आसा!"

गावकर खडकावर बसला. "भाई, नीट ऐक. जिती आसा तर ती भायर हाडूक व्हयी."

"मी हाडतंय."

"हाडूक आत जावक व्हया. आत जावक कौल व्हयो. कौल व्हयो तर ती भायर व्हयी."

"मगे?"

"मगे काय? बसा सगळे."

सगळे बसले. गाठोडी सुटली. कोणीतरी पुन्हा चूल पेटवली. घोडं असं अडलं होतं की पुढे देव आणि मागे भाई. शिवा म्हणाला की होडीतून जाळं टाकून नळी ओढता येईल का, पाय न लावता. शोकेसपर्यंत जाळं कसं पोचणार, यावर बराच वेळ चर्चा झाली. एकाने सुचवलं की नळीला शेपट्या आहेत तर तिला पोहत यायला सांगावं. भाईने त्याच्याकडे बघितलं आणि तो दुसऱ्या राहुटीत गेला.

ऊन चढत होतं. भक्तीने भाईचा दंड धरला आणि त्याला गावकराच्या धोतराखाली नेलं. सोनसळीची नळी त्याच्या हातात दिली.

"हलय."

भाईने हलवली. पाण्यात थोडासा रंग उठला, फिरला, आणि परत खाली गेला. पूर्वी हाच रंग नळीभर असायचा. भाईला इंजिन कळतं. इंजिन शेवटचं कसं खोकतं, तेही कळतं.

"भाई," भक्ती म्हणाली, "तुका तुजी नळी जिती व्हयी की माजी?"

भाईने नळी परत दिली, दोन्ही हातांनी. मग पाषाणापाशी गेला. सगळा गाव बघत होता. सुगंधाकाकी तर उभी राहून बघत होती.

"मेली," भाई म्हणाला.

"काय?" सुगंधाकाकीने विचारलं. तिला ऐकू आलं होतं.

"मेली म्हणतंय! शोकेशीतली माजी नळी मेली! कधीच मेली! मेलली दाखय होतंय मी सगळ्यांका! झाला?"

आपलं चुकलं, हे जे भाईने नववीत तीन वर्षं बसूनही कधी म्हटलं नव्हतं, ते त्याने त्या दिवशी सगळ्या गावासमोर म्हटलं. बहिणीसाठी. असा भाऊ दाखवा तालुक्यात.

पण शिवा घाड्याने कपाळाला हात लावला. "काका, ही गावची लेकरां. देवाक सांगलेली. मेली तर सुतक इला."

"किती मेली?" गावकराने विचारलं.

"कोट्यानुकोटी," शिवा म्हणाला.

गावकराने आभाळाकडे बघितलं. एवढी सुतकं फेडायला गावाला किती जन्म लागतील, याचा त्याने विचार केला असावा. मग तो उठला. "जितकी मेली तितक्यांचा मिळान एकच सुतक. आणि भाईन खाडयेत एक बुडी मारूची. संपला."

भाईने उडी मारली. कपड्यांसकट, आणि खिशातल्या मोबाईलसकट. तो पाण्याखाली होता तेव्हा व्हिडिओही पाण्याखाली होता. वर आला तो भाई एकटाच.

शिवाने कळी लावली. गाऱ्हाण्याचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पडली.

त्या दिवशी खारवळ्यात पहिलं माणूस शिरलं ते भक्ती, होडीतून उतरून, पेटी कवटाळून, धावत. मानकऱ्यांनी पहिलं पाऊल टाकायचं असतं. पण मानकरी आपलं धोतर शोधत होता. तिने एसी लावला, बत्ती पेटवली, मास्क चढवला आणि सोनसळीचा थेंब थेंब नव्या पाण्यात सोडला. आम्ही सगळे दाराबाहेर बसून राहिलो. ना तिला काही विचारलं, ना जेवलो नीट. पुढचे काही दिवस ती बाहेर यायची, मान हलवायची आणि आत जायची. मग एका सकाळी बाहेर आली आणि नळी उन्हाच्या कडेला धरली. फिकट, पण तांब्यापितळेचाच रंग, वरपासून खालपर्यंत.

"धरल्यान," हौसाबाई म्हणाली, विरजणाला म्हणतात तसंच.

इथे गोष्ट संपायला हवी होती. भाईने शोकेसमधली नळी काढून तुळशीपाशी ठेवली होती, अमावास्येला खाडीत सोडायला. भक्तीने ती उचलली. नेहमीची खोड, कुठलंही पाणी दिसलं की थेंब घेऊन बघायचा. थेंब नव्या पाण्यात टाकला आणि विसरली. काही दिवसांनी तिने भाईला थंड खोलीत बोलावलं. स्वतःहून बोलावलं. आतून कडी लावली.

"बघ," ती म्हणाली.

भाईने दुर्बिणीला डोळा लावला. पोहत होती. दोन दोन शेपट्या. इकडून तिकडे, जत्रेत फिरल्यासारखी.

"मिठागरातली जात ती," भक्ती हळू आवाजात म्हणाली. "खारटात, उन्हात, उपाशी, कशातय रवता. चुकलंय मी. ती तेव्हाय जिती होती."

"मी सांगलेला मां!" भाई ओरडला आणि दाराकडे वळला.

भक्ती दारात आडवी उभी राहिली. "खंय चललंस?"

"गावात सांगूक!"

"सांग. मगे गावकर काय म्हणतलो? गावपळण मोडली म्हणतलो. परत तीन राती भायर. परत सोनसळी होडयेत. परत ती शेळी."

भाई खाली बसला. तिथेच, लादीवर. कळलं त्याला. सगळा गाव पळाला तेव्हा गावात राहिलेला एकच जीव होता, आणि तो भाईच्या शोकेसमध्ये होता. देवाने डावी कळी दिली ती उगाच नव्हे. आणि मग उजवी दिली तीही उगाच नव्हे, देवालाही भाईचा मान ठेवायचा असणार. असली गोष्ट जिल्ह्यात कोणाकडे नाही. आणि ती सांगायची नाही.

लोक समाचाराला येत राहिले. चहाच्या टपरीवर भाई तोंड उघडायचा, आणि त्यात बिस्किट घालून बंद करायचा. गावाला वाटलं, भाईने हाय खाल्ली. गावकराने परत मिळालेल्या धोतरात येऊन पाठीवर हात ठेवला. शिवाने विचारलं की नळीच्या नावाने काही करायचं आहे का. सुगंधाकाकी आल्याचा काढा घेऊन आली. शोकेसमधल्या रिकाम्या जागेकडे बघून तिने पदर तोंडाला लावला.

"बिचारी," ती म्हणाली. "सगळो गाव भायर, आणि ती एकटीच आत मेली."

भाईने आपला गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला.

"व्हय काकी," तो म्हणाला.

काकी गेल्यावर तो उठला, चपला शेडच्या बाहेर काढल्या, पाय धुतले आणि थंड खोलीत शिरला. फळीपाशी उभा राहिला. पहिल्या नळीच्या जवळ तोंड नेलं आणि तिला सगळं सांगितलं, कौलापासून बुडीपर्यंत. मग दुसऱ्या नळीला सांगितलं, थोडं वाढवून. तिसरीला सांगताना तर खाडीला भरती आली होती आणि बुडी चांगलीच खोल झाली होती.

"भाई!" बाहेरून भक्तीचा आवाज आला. "सांगतलंस तर सांग, पण मास्क लाव. श्वास पडता तेंच्यार!"